पाठीवरचा गेरू

आमच्या घरात थोरल्या जावेचा शब्द म्हणजे सरकारी हुकूम. नाव पंचफुलाबाई, मी म्हणायची आक्का. अंगानं चिपाड, पण माळावर उभी राहून हाक मारली की ओढ्यापलीकडची मेंढरं चरणं सोडून मान वर करायची. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही बाई माझ्याशी भांडून राहिली. मग कळलं, ती नुसती जेवायला बोलावून राहिली होती.

आम्ही धनगर. गाव हिंगोलीच्या अलीकडं, रुळाच्या कडेला. एवढं बारकं, की ठेसनावरची पाटीसुद्धा शेजारच्या मोठ्या गावाच्या नावाची. गाडी थांबायची आमच्या दारात आणि नाव त्यांचं. गावातल्या बाप्यांना याचा फार राग यायचा. आक्का म्हणायची, "नाव त्यायचं ऱ्हाऊ द्या. गाडी तर आपली हाय ना?"

घरात दोघे भाऊ. धाकटे लखमा, म्हणजे आमचे मालक, मेंढरांमागं असायचे. पिकं निघाली की मेंढरं या रानातून त्या रानात न्यायची. ज्या शेतात मेंढरं रात्रीची बसतात त्या शेताला खत मिळतं, म्हणून शेतकरी आपण होऊन बोलावतात आणि ज्वारी देतात. थोरले मुंजाजी भावजी, आक्काचे मालक. त्यांना लहानपणापासून मेंढराचा कंटाळा आणि इंजनाचा नाद. निजामाच्या रेल्वेत ते खलाशी झाले, आधी हिंगोलीला, आणि हात चांगला म्हणून पुढं सिकंदराबादच्या रेल्वे कारखान्यात गेले. तिथला साहेब म्हणाला, टिकून राहिलास तर मिस्त्री होशील. झालं. भावजींच्या डोक्यात शहर शिरलं.

त्यांची तीन लेकरं. थोरला ज्ञानबा, मधली रूपा, धाकटा संतू. मी नांदायला आले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात भावजी आले आणि बायको-लेकरांना घेऊन गेले. आम्हाला वाटलं, गेली आता आक्का. मी तर मनातून जरा खूशही झाले, चूल माझ्या हातात येईल म्हणून. पण पेरणीच्या आधी बाई तिन्ही लेकरांसकट ठेसनावर उतरली.

गावातल्या बाया भोवती जमल्या.

"कसं हाय गं शहर?"

"चांगलं हाय. नळाला घरात पाणी येतं. बटन दाबलं की उजेड पडतो. शेजारची तेलंगीण लई मायाळू. तिची बोली मला कळंना, माझी तिला कळंना, पर रोज वाटीभर चिंचेचं वरण आणून द्यायची."

"मग परत काहून आली?"

आक्कानं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "तिथं लेकराला हाक मारता येत न्हाई बाई. मी संतूला एक हाक दिली, तर गल्लीतल्या साऱ्या खिडक्या उघडल्या. टांगेवाल्याचं घोडं बुजलं. पोलीस इचारायला आला, कोन मेलं म्हून."

बाया हसून हसून वाकल्या. पण रात्री भाकरी थापताना ती मला म्हणाली ते हसण्यासारखं नव्हतं. "अनुसे, दार उघडलं की रस्ता. रस्त्यावर मोटारी, टांगे. म्हून दिवसभर आतून कडी लावायची. माझी लेकरं समदा उन्हाळा त्या कडीकडं बघून राहिली. संतू तर झोपेत बी कडी काढायचा."

आमचे मालक बाहेरून ऐकत होते. म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या की वैनी इथंच. मेंढरामागं जातील. काय कमी हाय आपल्याला?"

"कमी हाय भावजी. अक्षर कमी हाय. हिंगोलीच्या बाजारात पाटीवर काय लिवलंय ते बी दुसऱ्याला इचारावं लागतं तुमाला."

खरंच होतं ते. गावात शाळा नव्हती. हैद्राबादेत शाळा होती, पण तिथलं सगळं उर्दूत. आक्काला उर्दूचा राग नव्हता. तिचं म्हणणं एवढंच, "लेकरू शिकलं काय अन् चुकलं काय, मला कळाया नको?"

आणि मग तिनं ते काढलं, जे ऐकून गाव आठवडाभर हसलं. सकाळी एक गाडी हिंगोलीकडं जायची. संध्याकाळी तीच परत यायची. आक्का म्हणाली, लेकरं सकाळच्या गाडीनं हिंगोलीला मराठी शाळेत जातील आणि झोपायला घरी येतील. बाप रेल्वेत, म्हणून लेकरांना पास मिळत होता.

"गाडीनं शाळंत?" शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या. "नवाबाची लेकरं हायेत का गं तुझी? हत्ती बी मागव एखांदा."

"हत्ती ठेसनावर थांबत न्हाई," आक्का म्हणाली.

खरी पंचाईत भावजींची. ते तणतणत आले. रूपाला पाठवायचं यालाच त्यांचा आधी विरोध, आणि वर गाडीनं! दोन दिवस नवरा-बायकोचं बोलणं बंद. निरोप माझ्यामार्फत. "तुझ्या जावंला सांग, लेकरं हरवतील." "तुझ्या भावजीला सांग, घरची वाट त्यायला ठाव हाय." शेवटी जायच्या दिवशी भावजी थेट तिलाच म्हणाले, "ज्ञानबाचे माय, चंपाषष्ठीला रजा काढून येतो. तवर बराबर चाललं तर ठीक. एक जरी तकलीफ झाली, तर ट्रंका बांधून समद्यायला नेईन. मग गाव डोळ्याला दिसनार न्हाई."

"व्हय," आक्का म्हणाली. एवढंच.

पहिल्याच आठवड्यात तकलीफ झाली. संध्याकाळी परत येताना संतू गाडीत झोपला. ज्ञानबा आणि रूपा उतरून गेली, प्रत्येकाला वाटलं तो दुसऱ्याच्या मागं आहे. संतू पुढच्या ठेसनावर. गार्ड रतनसिंग पोराला बखोटीला धरून हिंडला, "किसका बच्चा है? अरे, किसका है?" कुणी सांगेना. शेवटी बाजारातून परतणाऱ्या एका बाईनं ओळखलं आणि बैलगाडीत घालून आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर आक्का वाटीत गेरू कालवत बसलेली. मला वाटलं, मेंढरं मालकांकडं, मग गेरू कुणाला?

वाचणाऱ्यांना सांगते. दोन घरांची मेंढरं एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक घराची आपली खूण असते. आमची खूण म्हणजे पाठीवर आडवा तांबडा पट्टा आणि त्याच्या खाली एक ठिपका. गेरू करडीच्या तेलात कालवला की पावसानं जात नाही. तर आक्कानं तिन्ही लेकरांना ओळीनं उभं केलं आणि सदऱ्यांवर मागून, मानेच्या खाली, बोटानं पट्टा ओढला आणि ठिपका दिला.

"अवं आक्का! लेकरं हायेत ती!" मी ओरडले.

"मग? मेंढरापरीस कमी मोलाची हायेत का?"

रूपा रडली. नव्या झंपरावर डाग म्हणून. आक्कानं तिचं नाक पुसलं आणि तिघांना ठेसनावर नेलं. रतनसिंगाला पाठमोरी करून दाखवली. "दादा, ही खूण आमची. ही दिसली की आमच्या ठेसनावर उतरवा. झोपली असली तर उचलून उतरवा." रतनसिंग आधी मिशीत हसला. मग रोज संध्याकाळी डब्याशी येऊन आरोळी द्यायला लागला, "लाल पट्टीवाले, उतरो!" महिन्याभरात गाडीतले भाजीवाले, पोस्टाचा माणूस, कचेरीला जाणारे, सगळे लाल पट्टीवाल्यांना ओळखायला लागले. कुणी बोरं द्यायचं, कुणी बसायला जागा. एक म्हातारे वकील रोज ज्ञानबाचे पाढे घ्यायचे आणि चुकला की आपल्या छत्रीनं टोचायचे.

शाळेत मात्र हसायचे. "मेंढरं आली, मेंढरं आली." ज्ञानबा दोनदा मारामारी करून आला. आक्का म्हणाली, "त्यायला म्हनावं, मेंढरू व्हय. पर मालकाचं हाय, बेवारशी न्हाई."

रात्री लेकरं चुलीपाशी अभ्यास करायची आणि मी भाकरी करता करता ऐकायची. रूपा राखेत अक्षर काढून मला गिरवायला लावायची. माझी शाळा तीच. क काढताना भाकरी करपली की आक्का म्हणायची, "करपू दे. क तरी निघाला का?"

मग आली चंपाषष्ठी. आमचा देव खंडोबा, त्या दिवशी घरी वांग्याचं भरीत आणि रोडगे. भावजी आदल्या दिवशी दुपारी उतरले. दाढी करून, नवा कोट घालून. आक्कानं पाणी दिलं. ते म्हणाले, "आज सांजच्याला मीच ठेसनावर जातो लेकरं घ्यायला." त्यांना बघायचंच होतं, बाई खरं सांगते का.

गाडी आली. आम्ही तिघं ठेसनावर. रतनसिंग उतरला आणि आमच्याकडं बघून थांबला. "बाई, आज तुम्हारे बच्चे चढे नहीं. मैं समझा त्योहार की छुट्टी होगी."

गाडी निघून गेली. भावजींनी आक्काकडं बघितलं. "झालं? हेच सांगत व्हतो मी! ठेसनाच्या गावात लेकरं वाढवायला निघाली! आता कुठं हुडकू मी त्यायला?"

आक्काचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण ती म्हणाली, "हुडका. रुळानं जा हिंगोलीपस्तोर. मी घरी थांबते, लेकरं आली तर दार उघडं पायजे."

मालक जवळच्याच रानात होते. दोघे भाऊ कंदील घेऊन रुळानं निघाले. त्या रात्रीचं मी लिहीत नाही. आक्का रडली नाही असंही लिहीत नाही. पहाटे ती शेळीची धार काढत होती आणि धार चरवीत पडत होती का डोळ्यांतून, ते तिलाच ठाऊक.

दिवस वर आला आणि कुत्र्यांचा आवाज झाला. बघते तर एक म्हातारा धनगर, खांद्यावर घोंगडी, आणि त्याच्या पुढं आमची तिन्ही लेकरं. संतूच्या काखेत कोकरू. सदरे कसले, गुलाबी चिंध्या! पांढऱ्या कापडाला सगळीकडं तांबडं लागलेलं आणि मधोमध पट्टा तसाच ठणठणीत.

आक्का जागची हलली नाही. तिनं फक्त नाव घेऊन एकेकाला हाक मारली. हळू आवाजात. इतक्या हळू हाक मारताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"तुमची खूण व्हय ही?" म्हातारा म्हणाला. "आडवा पट्टा, खाली ठिपका. मागल्या साली लखमाची दोन मेंढरं आमच्यात मिसळली व्हती, तवा बघितली व्हती. म्हून आणली इकडं."

"बाबा, कसं फेडू तुमचं?"

"अगं, फेडायचं काय त्यात? दुसऱ्याच्या खुणंचं जनावर वाड्यात आलं तर इचारायचं न्हाई, खाऊ घालायचं, मधी निजवायचं, अन् सकाळच्याला पोचतं करायचं. त्याची लोकर बी कातरायची न्हाई. ह्याची बी शेंडी शाबूत हाय, मोजून घे!" आणि म्हातारा एवढा हसला की त्याला खोकला लागला.

मग लेकरांनी सांगितलं. त्यांच्या हरिचंद मास्तरांकडं तपासणीला साहेब यायचा होता. मास्तरांनी तिघांच्या पाठी बघितल्या आणि म्हणाले, हे रंगाचे सदरे साहेबापुढं चालायचे नाहीत, शाळा सुटली की विहिरीवर धुवून काढा. साबणही दिला बिचाऱ्यांनी स्वतःचा. लेकरं धूत बसली. तेलातला गेरू तो, निघतोय होय! जितकं घासावं तितका पसरला. तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली. मास्तर घरी गेलेले. लेकरं ओले सदरे घालून रुळानं निघाली.

"मी म्हनलं चालत जाऊ घरापस्तोर," ज्ञानबा म्हणाला. "पर रूपी हटून बसली."

"आई म्हनली व्हती," रूपा म्हणाली, "दिवस बुडाला की रुळावर ऱ्हायचं न्हाई. जिकडं मेंढराची कुत्री भुकतील तिकडं जायचं."

किसनराव पाटलांच्या रानात मेंढरं बसली होती, त्या म्हाताऱ्याची. लेकरं तिकडं वळली. कुत्र्यांनी अडवलं, म्हाताऱ्यानं दिवटी धरून पाठी बघितल्या, आणि ज्वारीची भाकरी आणि दूध पुढं केलं. भावजी आणि मालक रुळानं हाका मारत गेले तेव्हा लेकरं मेंढरांच्या उबेत गाढ झोपली होती. शेतकरी मेंढरं बोलावून बसवतात ते खतासाठी, त्या रात्री ती आमच्या लेकरांच्या उबेला कामी आली.

न्याहारीच्या वेळेला भावजी आले. कोट काखेत, डोळे लाल. मालकांच्या मागं आणखी एक माणूस, उघड्या डोक्याचा, धोतर चिखलानं भरलेलं. हरिचंद मास्तर! भावजींनी अपरात्री त्यांचं दार ठोठावलं, तर ते तसेच उठून कंदील घेऊन निघाले होते. हिंगोलीच्या सगळ्या विहिरींत डोकावून आले होते बिचारे. अंगणात लेकरं रोडगे खाताना दिसली आणि मास्तर मटकन ओट्यावर बसले.

"बाई, चूक माझी," ते म्हणाले. "मला वाटलं, कुणी लेकरांची मस्करी म्हणून रंग फासला. ही खूण कशाची, मी विचारलंच नाही."

आक्कानं त्यांना सांगितलं. मेंढरं, वाडे, खुणा, सगळं. मास्तर रोडगा हातात धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे इथून हिंगोलीपर्यंत तुमची लेकरं कुठंही गेली तरी..."

"कुनीतरी वळखणारं हायच," आक्का म्हणाली. "भरीत घ्या."

भावजी हातपाय धुवून, खंडोबापुढं हात जोडून जेवले. आक्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मग, ट्रंका बांधू का? बोलला व्हता तुमी. एक जरी तकलीफ झाली तर म्हून."

भावजी संतूकडं बघत होते. तो कोकराला आपल्या ताटलीतला रोडगा चारत होता आणि कोकरू तोंड फिरवत होतं.

"माझी बांध," ते म्हणाले. "सुट्टी संपली की जायचं हाय. घोंगडी मात्र इथंच ऱ्हाऊ दे. तिकडं न्यायची न्हाई आता. बदली मागून मी इकडंच येऊन ऱ्हातो."

येऊन राहायला वर्ष गेलं. कारखान्यातून परत हिंगोलीला, तेही पुन्हा खलाशी म्हणून. मिस्त्री व्हायचं राहूनच गेलं. सोबतचे लोक म्हणाले, मुंजाजी, अक्कल गहाण ठेवली का? भावजींनी त्यांना काय उत्तर दिलं ते मला आक्कानं सांगितलं. "हैद्राबादेत माझं पोरगं हरवलं असतं तर मी पत्ता सांगत फिरलो असतो. इकडं पत्ता न्हाई, पर पाठ बघून घरी आणून सोडतात." मग रोज सकाळी बाप आणि लेकरं एकाच गाडीनं जायची. रतनसिंग भावजींना चिडवायचा, "तुम्हारी पट्टी कहाँ है?" एकदा आक्कानं खरंच त्यांच्या कोटावर ओढली. भावजी दिवसभर तशीच घालून हिंडले.

आणि तपासणीचा साहेब? तो आला तेव्हा पट्टे जसेच्या तसे होते. त्यानं विचारलं, ये क्या है? हरिचंद मास्तर ताठ उभे राहून म्हणाले, "साहब, बाहरगाँव के बच्चों का निशान है." साहेबाला वाटलं, नवा सरकारी नियम असेल. त्यानं मान हलवली.

पुढं द्वारकाबाईंनी आपला नातू पाठवला. हत्तीवाल्या द्वारकाबाई! मग आणखी घरं. धनगर नसलेलीही. एकेक घर आक्काकडं वाटी घेऊन यायचं, आम्हालाही खूण ठरवून द्या. कुणाला दोन ठिपके, कुणाला उभी रेघ. रूपा चौथी पास झाली तेव्हा सगळ्या डब्याला गूळ वाटला. वकिलांनी तर छत्री उघडून नाचवली.

मग ते वाईट वर्ष आलं. रझाकारांचं. गाडी कधी यायची, कधी नाही, आणि शेवटी शाळेला पाठवायची कुणाची छाती होईना. हरिचंद मास्तरांनी बायको-लेकरं आमच्या घरी आणून ठेवली. आक्कानं त्यांच्या पोरींच्याही पाठीवर पट्टा ओढला, न विचारता. भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. गावानं ठेसनावर झेंडा लावला, आणि त्या दिवशी कुणाला तरी आठवलं आणि पाटीवर खडूनं आमच्या गावाचं नावही लिहिलं.

शाळा पुन्हा उघडायची होती. माझा मोठा लेक त्या साली पहिलीत. मालकांच्या मनात त्याला मेंढरामागं न्यायचं होतं, पण मी म्हणाले, गाडी चालू झाली, आता थांबायचं नाही. तेव्हा माझा आवाजही बराच वाढला होता. रूपा तोवर नांदायला गेली होती, आणि ज्ञानबा त्याच शाळेत मास्तरांच्या हाताखाली शिकवायला लागला होता. तोही त्याच गाडीनं जाणार.

सकाळी आक्का वाटी घेऊन आली.

"नवा सदरा हाय आक्का," मी म्हणाले. "बाजारातून आणलाय."

"म्हून तर," ती म्हणाली, आणि माझ्या लेकराच्या पाठीवर पट्टा ओढून ठिपका दिला.

ठेसनावर एवढी लेकरं होती की रतनसिंगानं मोजणंच सोडून दिलं. गाडी हलली. आम्ही बाया हात वर करून उभ्या. पण लेकरं सगळी पलीकडच्या खिडक्यांना लटकली होती, हिंगोलीच्या बाजूला. आमच्याकडं कुणी बघतच नव्हतं. गाडी वळेपर्यंत आम्हाला नुसत्या पाठी दिसत राहिल्या, आडवे पट्टे, उभ्या रेघा, ठिपके.

"बघितल्या का सगळ्या?" आक्का म्हणाली. "चल मग, धार काढायची हाय."